शेवटच्या अंकाआधीचा चहा

तन्वीला मुलगा झाला, त्या वर्षी ग्वाल्हेरला परदेशी ऑपेरा मंडळी आली होती. मध्यंतरात तन्वीची आजी कुमुदताई चहाच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे एक म्हातारं जोडपं कुजबुजत होतं.

"अहो, रुसलात?"

"तूच शपथ घातलीस, वन्स मोर द्यायचा नाही म्हणून."

"मागे बॅलेत ओरडलात, तर सगळे पलटून बघत होते. शरमच आली मला!"

"संगीत नाटकांवर वाढलेला माणूस मी. त्या नाचणारीने हात जोडले की नाही?"

"जोडले बाई, तुम्हालाच."

"आज ही इतकं गोड गायली, आणि मी नुसता वन्स मोर गिळत बसलो."

"बघितलं. तुम्ही गप्प, तर मलाही मजा येईना. शेवटच्या गाण्याला द्या एक."

"अगं, शेवटी ती मरते!"

"मग काय झालं? उठवा तिला."

"आणि लोक पलटले तर?"

"पलटू देत. मीही ओरडेन."

शेवटचं गाणं गाऊन नायिका कोसळली, तोच मागून दोन वन्स मोर आले, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक. नायिका हसत उठली आणि तेच गाणं गाऊन पुन्हा मेली.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव केशवराव घोरपडे, हे कुमुदताईंना गावातल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत त्यांचा फोटो बघून कळलं. ते त्याच वर्षी मार्गशीर्षात वारले.