शेंद्र्याची मायाळू बाई

टीव्हीचं गणित मला अजून उमगलं नाय बघा. नातीच्या सोयरिकीसाठी आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी शेंद्र्याला पोराचं घर बघायला गेलो. पोराची आई मालिका बघत डोळे पुसत होती.

"काय छळते वो ही सासू त्या सुनेला! बघवत नाय."

मला वाटलं, बाई लई मायाळू हाय, नात सुखात राहील. तेवढ्यात तिनं आतल्या थोरल्या सुनेला आवाज दिला, "अगं ए, चहा आणायला खुलताबादला गेलीस काय? हात मोडले का तुझे?" आणि पुन्हा पदर डोळ्याला लावला.

निघताना म्हणाली, "आमची पसंती हाय. तुमचं काय?"

आमची म्हातारी शांतपणे म्हणाली, "ताई, नात टीव्हीत असती, तर आजच दिली असती."