आठ खुर्च्यांचं टेबल

डायनिंग टेबल घ्यायला आमच्या अण्णांना सोबत नेलं, तिथंच माझं चुकलं बघा. पाटोद्याच्या नव्या घरात दार अन् जेवायच्या जागेच्या मधी एक भिंत न्हाई. रस्त्यावरनं थेट आमची ताटं दिसत्यात. दुकानदार म्हणला, "माणसं चार, मग चार खुर्च्या बास."

अण्णा म्हणले, "जाणाऱ्यायेणाऱ्याला 'या जेवायला' म्हणावं लागतंय. तो बसंल कुठं? आठ दे."

एरवी लोक "चालू द्या" म्हणून पुढं जात्यात. पण चार खुर्च्या मोकळ्या दिसल्यावर कोण जातंय? पहिल्याच दिवशी चौघं येऊन बसले, अन् बायको पुन्हा भाकरी थापायला.

तिसऱ्या दिवशी तिनं खुर्च्यांसकट टेबल दारापाशी आडवं लावलं अन् त्याच्यामागं फरशीवर ताटं मांडली. "आता गुमान जेवा, कुणाला दिसत न्हाई."

तेवढ्यात टेबलाच्या पायांमधनं अण्णांना रस्त्यावरच्या चपला दिसल्या. त्यांना राहवलंच न्हाई. तोंडात घास, तरी ओरडले, "या जेवायला!"

चपला थांबल्या. शेजारचे तात्या टेबलाखाली वाकून बघाय लागले. "अण्णा, एवढ्या खुर्च्या असून तुमी खाली कावून?"

अण्णा म्हणले, "त्या तुमच्यासाठीच मोकळ्या ठिवल्यात. बसा!"