नत्थूजीच्या खळ्यातला बुंधा

(हिंगणी. नत्थूजीचं नवं खळं, मधोमध बाभळीचा बुंधा. विहिरी फोडणारा हिरालाल वर्ध्याहून आलाय. नत्थूजीची बायको कोकिळा जमीन चोपते आहे.)

हिरालाल : ...अन् बाभळीले कंबरेवर कापते का कोनी? झाड उभं होतं तवाच मले बुलवाचं. शेंड्याले दोर बांधून झुलवलं असतं, तं आपल्याच वजनानं मुळासकट आलं असतं. आता धराले का उरलं?

नत्थूजी : खाली कापाले वाका लागते.

कोकिळा : अन् ह्यायची कंबर वाकत नाई. ना झाडापुढं, ना भावापुढं.

नत्थूजी : तू जमीन चोप. हिरालालभाऊ, सोमवारी ज्वारी खळ्यात पडली पायजे. दरसाली आमी मोठ्या भावाच्या, अण्णाजीच्या खळ्यात मळत होतो. दिवाळीले वेगळे निघालो. मीच त्याले सांगून देल्लं, तुह्या खळ्यात पाय ठेवत नाई म्हणून. आता हा बुंधा नाई निघाला, तं कणसं घेऊन त्याच्याच दारात जा लागन. अख्खी हिंगणी हासन.

हिरालाल : इज्जतीचा मामला हाय म्हणा. देखो, तीन रस्ते हायेत. पह्यला बैलाचा. भोवताल खोदाचं, मुळ्या तोडाच्या, साखळी बांधून ओढाचं. जोड्या किती तुमच्याकडं?

नत्थूजी : एक.

हिरालाल : एकीनं हालत नाई. दोन लागतेत.

कोकिळा : दुसरी जोडी भासऱ्यायच्या, ह्यायच्या मोठ्या भावाच्या गोठ्यात हाय. वाटणीत तिकडं गेली.

नत्थूजी : दुसरा रस्ता सांगा.

हिरालाल : सुरुंग. बुडाखाली सब्बलीनं भोक पाडाचं, बारूद भराची, दूर पळाचं. चाळीस विहिरी फोडल्या मी.

नत्थूजी : हे मर्दाचं काम हाय. लावा.

हिरालाल : ते कडब्याची गंजी कोनाची, बाजूची?

कोकिळा : भासऱ्यायची.

हिरालाल : मंग त्याहिले हटवाले सांगा. ठिणगी उडाली तं जनावरं सालभर उपाशी.

नत्थूजी : तो हटवत नाई.

कोकिळा : विचारलं का?

नत्थूजी : मी काऊन विचारू? तिसरा रस्ता.

हिरालाल : तिसरी मशीन. हातानं चालते. लोखंडी दोराचं एक टोक बुंध्याले, दुसरं एखाद्या मोठ्या झाडाले. दांडा मारत राहा, बुंधा इंच इंच वर येते. बैल नाई, बारूद नाई, कोनाची मिन्नत नाई.

नत्थूजी : हे पक्कं. आणा मशीन.

हिरालाल : बांधाचं कोन्या झाडाले?

नत्थूजी : माहं झाड तं हेच होतं.

हिरालाल : अन् ते धुऱ्यापलीकडची, बांधाच्या तिकडची चिंच? बढिया झाड हाय.

कोकिळा : बढियाच हाय. कोनाची हाय ते ह्यायले विचारा.

नत्थूजी : चवथा रस्ता नाई का?

हिरालाल : गवऱ्या लावून धुपवत बसा. दीड महिना.

कोकिळा : अन् धूर कोनाच्या घरात जाईन, तेही पाहून घ्या.

हिरालाल : बुरा नोका मानू, नत्थूजी. तुमच्या बाभळीच्या मुळ्या भावाच्या घरालोक गेल्या वाटते.

कोकिळा : मी एक विचारू? मळणीले बैल काहाले बांधतेत?

नत्थूजी : हे काय विचारणं झालं? तिवड्याले.

कोकिळा : तो तिवडा कुठं गाडतेत?

नत्थूजी : खळ्याच्या मधात.

कोकिळा : केवढा?

नत्थूजी : कंबरेएवढा.

हिरालाल : म्हणजे हा बुंधा काढून, त्याच गड्ड्यात दुसरं लाकूड गाडणार होते तुमी? अन् त्याच्यासाठी मले वर्ध्याहून बुलवलं?

नत्थूजी : म्हणूनच मी कंबरेवर कापला होता.

हिरालाल : हो, हो. चालतो मी. माही मोटार निघून जाईन.

कोकिळा : चा पेऊन जाजा, भाऊ.

हिरालाल : नोको, वैनी. चहात हासू आलं तं ठसका लागते.

नत्थूजी : गेला. पाह्यलं? कोनापुढं वाकलो नाई. आता माहं खळं, माही ज्वारी, माहा तिवडा.

कोकिळा : अन् बैल? मळणीच्या पातीले चार बैल लागतेत. दोन बैलानं मळाले बसले तं होळी येईन.

नत्थूजी : ...तुले हे तिवड्याचं कवा सुचलं?

कोकिळा : मले कुठं सुचलं? काल विहिरीवर शकूजाऊबाई सांगत होत्या. त्यायच्या घरी कोनी तरी म्हणे, नत्थ्यानं बाभूळ कंबरेवर कापली तवा मले वाटलं, त्याले अक्कल आली, तिवडा ठेवून राह्यला. पण तो तं काढाच्या मागं लागला. अन् म्हणे, सांगजा, पण माहं नाव नोका घेऊ.

नत्थूजी : मंग घेतलं काऊन?

कोकिळा : मी कुठं घेतलं? भासऱ्यायचं नाव मी आजलोक घेतलं का?

नत्थूजी : बैलायचं काही म्हणे का?

कोकिळा : ते विचारणाऱ्याले सांगतीन.

नत्थूजी : दिवाळीपासून बोललो नाई त्याच्याशी. ह्या वक्ताले घरी असन का तो?

कोकिळा : घरी नाई. त्या गंजीच्या आड बसले हायेत, सकाळपासून. चा मांडतो, दोन कप घेऊन जा.