पिसाचा सरळ मनोरा

पिसाजवळच्या लुक्का गावातल्या बुरुजाची तिकिटं विकणारी ओर्नेल्ला रांगेतल्या इंग्रज म्हाताराम्हातारीचं बोलणं ऐकत होती.

"अरे डेस्मंड, पिसाचा मनोरा वाकडा असतो ना? हा तर सरळसोट उभा आहे."

"दुरुस्त केला असेल, मेव्हिस."

"आणि वर झाडं उगवलीत!"

"जुना आहे ना, उगवणारच."

"पण बसमध्ये एकही चेहरा ओळखीचा नाही. आणि ती गाईड म्हणाली, रात्रीचं जेवण हॉटेलात. आपलं जहाज तर पाचला सुटतंय! चार वाजले."

"उगाच घाबरतेस. पिसाची बस नऊ नंबरची. हा बघ माझ्या छातीवरचा बिल्ला. नऊ."

"मला सहा दिसतोय."

"तुला समोरून दिसतो. मला मान खाली घालून वाचता यावा, म्हणून मी तसा चिकटवलाय."

"मग त्या गाईडने तो कुठून वाचला?"

डेस्मंडने बिल्ला उपटून उलटा फिरवून चिकटवला. ओर्नेल्लाने न विचारताच टॅक्सीला फोन लावला.

"बंदरावर ना? टॅक्सीवाला विचारतोय, जहाज कुठलं?"

"पांढरं," डेस्मंड म्हणाला.