फुलीपासून चार हात

रत्नागिरी स्टँडच्या बाकावर सावित्रीकाकू मंडणगडच्या गाडीची वाट बघत होत्या. शेजारी एक म्हातारा आपल्या इंजिनीयर लेकीला पोचवायला आला होता. दोघांचं बोलणं कानावर पडायला लागलं, तसं काकूंचं पान हातातच राहिलं.

“माफी माग गो बाय. बदली रद्द करतील.”

“कसली माफी, बाबा? रस्त्याला भोक पाडून डांबराची जाडी तपासायची, हे माझं कामच आहे.”

“मग ठेकेदाराने खडूने फुली मारून दिली होती, तिथे पाडायचंस.”

“फक्त फुलीखालीच डांबर जाड घातलेलं. हातभर बाजूला मशीन लावलं, तर निम्मंसुद्धा निघालं नाही.”

“साहेब काय म्हणाले?”

“म्हणाले, परत फुलीवर पाड. मी म्हटलं, गाड्या काय नुसत्या फुलीवरून जाणार आहेत?”

“असं तोंडावर बोललीस?”

“लेखी दिलं.”

“अगो, तीस वर्षं मैलकुली होतो मी. रस्त्याचे खड्डे बुजवले, पण साहेबासमोर मान वर केली नाही.”

“म्हणून तर दर वर्षी तेच खड्डे बुजवत राहिलास.”

गाडी लागली. काकू चढल्या, मागोमाग लेक चढली. म्हाताऱ्याने खिडकीतून तिची बॅग आत दिली.

“मंडणगडातपण फुली मारूनच ठेवली असेल गो.”

“असू दे. तिथेही मी हातभर बाजूलाच पाडणार.”

“हातभर कशाला?” म्हातारा खिडकीची दांडी धरून म्हणाला. “चांगलं चार हात लांब पाड!”