पेल्याची चोच

...आणि मी म्हणतो, घोटभर पाणी प्यायचंय ओ पोरीला, विहीर नाही खणायची! पण तुम्हाला सांगतो, आमची सूनबाई... शहाणी पोर, खोटं कशाला बोलू... तिनं सकाळी घरातलं झाडून सगळं प्लास्टिक बाहेर काढलं, त्यात नातीचा चोचीचा पेलाही गेला! दीड वर्षाची पोर, कालच तापातून उठलेली, डॉक्टर सांगतोय पाणी पाजा, पाणी पाजा, आणि ही वाटीला, भांड्याला, कशाला म्हणून तोंड लावेना. दुपार झाली, पोटात थेंब नाही!

वहाणा घातल्या, तडक भांड्यांच्या दुकानात. दुकानदार म्हणतो, "काका, हा घ्या, बांबूचा!" फोनवर सून, "मामंजी, तो नको, बांबूची भुकटी प्लास्टिकात कालवतात." बरं, चोचीचा स्टीलचा? "चोच कशाची आहे बघा." बघितली... प्लास्टिकची! काचेचा? फुटेल. चिनी मातीचा? त्याचा नुसता कान पोरीच्या मनगटाएवढा! सटकलं माझं डोकं. अरे, घोटभर पाणी प्यायचंय! शेवटी साधा स्टीलचा उचलला, काठ गोल वळवलेला, बोट फिरवून बघितलं, कुठं धार नाही, आलो घरी.

पाणी भरून खिडकीपाशी बसलो पोरीला घेऊन. तर ही पिईल कशाला? पेल्यातल्या पाण्यावर ऊन पडलं आणि छतावर उजेडाची मासोळी पोहायला लागली... पोर बघत राहिली. मीही बघत राहिलो. राग कुठं गेला कुणास ठाऊक... गोठ्यातली गाय हंबरली ती पार लांबून, पाण्याखालून हंबरावी तशी... वाटलं, आपण दोघं तळाशी बसलोय आणि वर कुणीतरी हळूच आभाळ हलवतंय...

आता मला सांगा, वासराला बादलीतून प्यायला कसं शिकवतात? दुधात बोट बुडवायचं, वासरू बोट चोखतं, बोट हळूहळू खाली न्यायचं, तोंड आपोआप दुधात! चाळीस वर्षं हेच केलं ओ या हातानं. त्या तंद्रीत माझं बोट गेलं की पेल्यात!

म्हातारी ओरडली, "अहो, वासरू आहे का ते?"

सून आतून, "मामंजी, हात धुतले होते ना?"

"धुतलेत गं बाई, दोनदा!"

तोवर पोरीनं बोट धरलं, बोटामागून काठ धरला, आणि गट्ट गट्ट... सगळा पेला! मग तिथंच माझ्या मांडीवर झोपली, मुठीत बोट धरून. मासोळी पोहतच होती वर...

पण वासरू कसं, चौथ्या दिवशी बोट सोडतं. हिला तीन आठवडे झाले! पेला भरला की "आबाऽ!" मी गोठ्यात असो, ताटावर असो... नखं कापून, हात घासून हजर! घोटभर पाणी प्यायचंय ना बाईसाहेबांना!

परवा शेजारीण आली. सून कौतुकानं पेला दाखवतेय, "नावाला प्लास्टिक नाही यात."

शेजारीण म्हणाली, "अगं, पण याला चोच कुठाय?"

"आहे की," सून म्हणाली, "ती काय, दारात बसलीय हात धुऊन."