मागची सीट

(रविवारची सकाळ. घर शांत. पिठाच्या डब्याचं झाकण फरशीवर पडून गरगरत राहतं.)

स्वरदा : राहू द्या आप्पा, मी उचलते. आधी सांगा, झुंबरकाकांना फोन आला म्हणजे काय?

आप्पा : मला आला तसाच. ‘टेलिफोन ऑफिसमधून बोलतोय. तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घेतली होती ना? माणसं कमी पडताहेत, कंत्राटावर परत याल का?’ यादी जुनी. बोलणाऱ्या पोराला काय ठाऊक, झुंबरला जाऊन दोन वर्षं झाली.

स्वरदा : कुसाकाकूंनी सांगितलं नाही?

आप्पा : ‘येतील सोमवारी’ म्हणाल्या. मग मला फोन. ‘भावजी, उद्या यांना घ्यायला येताय ना? शर्टाला इस्त्री करून ठेवलीय.’

स्वरदा : बापरे. तुम्ही काय म्हणालात?

आप्पा : येतो म्हणालो.

स्वरदा : आप्पा!

आप्पा : दुसरं काय म्हणणार? द्वारका चौकाच्या अलीकडे, त्याच्या दारात स्कूटर थांबवायची, हॉर्न द्यायचा, की हा मागे बसून साऱ्या रिक्षावाल्यांचा उद्धार करायचा. जन्म गेला त्यात.

स्वरदा : काकूंचं डोकं ठिकाणावर नाहीये. त्यांच्या शेखरला बोलावून घ्या नांदगावहून.

आप्पा : वहिनी चांगल्या शुद्धीत आहेत. मी कबूल केलंय ते मागताहेत फक्त.

स्वरदा : कबूल?

आप्पा : दहाव्याला, रामकुंडावर. कावळा शिवेना. शेखरनं आईला सांभाळीन म्हटलं, घर विकणार नाही म्हटलं. नाहीच. ऊन चढलं. मला माहीत होतं झुंबरचं काय अडलंय. निवृत्तीच्या कागदावर सही करून आला त्या दिवसापासून खुर्चीतून उठला नव्हता तो. मी हात जोडले, म्हटलं, ‘ऑफिसनं बोलावलं की तुला घेतल्याशिवाय जाणार नाही.’

स्वरदा : आणि?

आप्पा : बोलणं पुरं व्हायच्या आत शिवला.

स्वरदा : मग जाऊच नका ना. आपल्याला काय कमी आहे?

आप्पा : मला जायचंय गं. दिवसभर विहंगच्या शाळेच्या बसची वाट बघत बसतो मी. अजून काही दिवस असाच बसलो, तर माझा पण झुंबर होईल.

स्वरदा : असं बोलू नका. ...दारात काय करणार आहात?

आप्पा : हॉर्न देईन. मागे जागा ठेवून पुढे सरकून बसेन. वहिनी ‘नीट जा’ म्हणतील. निघेन.

विहंग : आजोबा, मला पण न्या! मी पुढे उभा राहतो. मागे ते आजोबा.

स्वरदा : विहंग, तू कधी आलास इथे? जा, दूध पी.

विहंग : पण आई, ऑफिस सुटल्यावर त्यांना परत कुठे सोडायचं?